वारा नव्हता

गोळपच्या चढावर नेत्राला मागून हाक ऐकू आली. एकदाच. तिचं नाव, पूर्ण, शेवटचा स्वर जरा लांबवलेला. लग्न झाल्यापासून अजिंक्य जसं घेत आला होता तसंच. बोटींच्या इंजिनांच्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय असलेल्या माणसाचा गळा तो, एरवी मांडवीच्या घरातून हाक मारली तर चौथ्या घरातलं कुणी ओ देईल. पण आता तो गळा मोठा नव्हता. त्यात राग नव्हता, घाईही नव्हती. खोलीत शेजारी बसलेल्या माणसाला पाणी मागावं इतपतच ती हाक होती, आणि म्हणूनच बहुधा ती नीट ऐकू आली. नेत्राचं एक पाऊल आखूड पडलं. मानेतली शीर वळायच्या तयारीने ताणली गेली. मग पुढचं पाऊल नीट पडलं, त्याच्या पुढचंही, आणि श्वास पुन्हा पायांच्या तालावर आला. मान वळली नाही. दोन्ही बाजूंच्या आंब्याच्या कलमांना मोहर आला होता आणि त्यावर मारलेल्या औषधाचा उग्र वास चढभर पसरला होता. पान हलत नव्हतं. ती वर चढत राहिली.

आज तिने असं धावायचंच नव्हतं. जानेवारीत मुंबईला तिची पहिली पूर्ण मॅरेथॉन होती आणि त्या तयारीतला हा एक टप्पा, रत्नागिरीतल्या डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनचा. त्यांना धावायला शिकवणारा सागर आठवडाभर बजावत होता, रविवारी जीव काढू नका मॅडम, ही शर्यत नाही, सराव आहे, बोलता बोलता धावता येईल अशा बेताने जा. म्हणून तर अजिंक्यने नाव घातलं. गेल्या पावसाळ्यापासून तोही थोडं थोडं धावायला लागला होता. पोट कमी करायला म्हणायचा, पण खरं म्हणजे पहाटे स्कूटरवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन बायकोच्या मागे मागे फिरण्यापेक्षा सोबत धावावं असं त्याच्या मनात आलं असावं. "तुझ्याबरोबर शेवटपर्यंत येतो," तो म्हणाला होता, "मग मुंबईला तू एकटी जा, मी फुटपाथवरून टाळ्या वाजवतो." ती म्हणाली होती, बरोबरच जाऊ. हे तिने मनापासून म्हटलं होतं. भाट्याचा पूल त्यांनी बरोबर ओलांडला. खाडीवर धुकं होतं, पुलाच्या कठड्याला हात लावला तर बर्फासारखा लागला असता. सुरूच्या बनापाशी त्याने गंमत केली, फणसोपला त्याने बोलणं बंद केलं, आणि चढ सुरू झाला तेव्हा तिला जाणवलं की आपले पाय आज हलके आहेत. इतके हलके ते कधीच नव्हते. जरा पुढे जाऊन बघू, वर थांबू, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याला सांगितलं नाही.

आणि सकाळी घरातून निघताना तो खांदा चोळत होता. डावा. "रात्रीची कोळंबी बाधली बहुतेक," तो म्हणाला, "छातीत जळजळतंय." कपाळावर घाम होता, डिसेंबरच्या पहाटे. नेत्रा हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होती. नातेवाइकांना ती रोज सांगायची की जळजळ म्हणून घरी बसू नका, खांदा दुखतो म्हणून बाम लावत बसू नका. त्या दिवशी बुटांची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "होतं तसं. धावायला लागलात की जाईल." आणि कपाटातला बाम काढून दिला.

तिच्या मनात हे चढावर आलं नाही असं म्हणता येणार नाही. आलं. पण ते नीट उघडून बघायला थांबावं लागलं असतं, आणि थांबणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मंडणगडच्या पलीकडे डोंगरात तिचं गाव. तिथे हाक एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायची. वडील मुंबईला गिरणगावात एका कँटीनमध्ये, आई शेतात, आणि नेत्रा पाचांतली थोरली. नेत्रा, गुरं वळव. नेत्रा, पोराला घे. शाळेच्या मैदानात खेळ ऐन रंगात आला की वरच्या सड्याच्या माळावरून आईची हाक येणारच, आणि ती खेळ तिथेच टाकून निघणार. ओ द्यायला उशीर केला असं एकदाही झालं नाही. मग नर्सिंगला रत्नागिरीत आली, तिथेही हाकाच. वॉर्डातल्या, सिस्टर, अहो सिस्टर. अजिंक्यची आई त्या वॉर्डात होती म्हणून तर त्यांची ओळख झाली. गावचे लोक म्हणाले कुणब्याची पोर दर्यावर गेली, नाखव्याच्या घरी; तिला त्याचं काही वाटलं नाही. पण तीच सासू, गंगाबाई, पुढे सात-आठ वर्षं अंथरुणावर पडून होती आणि दिवसाची एक घटका तिने नेत्राला हाक मारल्याशिवाय काढली नाही. कूस बदल. पाणी दे. नुसतीच, काही नको असताना, आहेस ना बघायला. सासू गेली त्यानंतर काही दिवसांनी नेत्रा एका पहाटे मांडवीच्या वाळूवर चालायला म्हणून गेली आणि धावली. कुणी हाक मारली नाही. परत आली तेव्हा अजिंक्यने चहा करून ठेवला होता. कुठे गेली होतीस, असंही त्याने विचारलं नाही.

म्हणजे ज्यांनी तिला आयुष्यभर थांबवलं त्या सगळ्यांना ती थांबली, आणि ज्याने कधी थांबवलं नाही त्याला नाही. हा हिशेब तिला नंतर मांडता आला, पुष्कळ नंतर. चढावर तिला एवढंच कळत होतं की मागे आपलं नाव आहे आणि पुढे रस्ता आहे, आणि एकदा, फक्त एकदा, आपण ओ दिली नाही तर काय होतं ते बघू. पुन्हा हाक आली तर मात्र वळू. पुन्हा हाक आली नाही. त्याचं तिला हायसं वाटलं.

वरच्या वळणावर मुलांनी पाणी दिलं, पाठीवर थाप दिली, आणि ती त्याच रस्त्याने परत फिरली. उतारावर येताना ती उजवीकडे बघत होती. कुठे दिसेल तो? चालत असेल, कंबरेवर हात ठेवून, लालभडक होऊन. तिला बघून हसेल. त्याला काय म्हणायचं तेही तिने ठरवलं. पण हाक आली होती ती जागा रिकामी होती. चिऱ्यांच्या कुंपणाशी दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्या पायाशी मासळीची एक टोपली होती, आणि त्या रस्त्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या. नेत्रा जवळ आली तशा त्या बोलायच्या थांबल्या. त्यातली एक हात वर करून काही सांगायला पुढे झाली. पाच-सहा पावलांचं अंतर असेल. विचारायला हवं होतं, एक शब्द पुरला असता. नेत्राने घड्याळाकडे बघितलं, आणि वेग वाढवला. गाडीत बसून गेला असेल, तिने मनाशी म्हटलं. आयोजकांची जीप असतेच. बरं झालं.

त्यानंतरचा रस्ता ती जशी धावली तशी पुन्हा कधी धावणार नव्हती. या लाजेतलं सगळ्यात वाईट हेच होतं, की ते धावणं सुंदर होतं. धुकं उठून खाडी उघडी झाली होती, पुलावर ऊन पडलं होतं, तिच्या शरीरात कुठेही काही दुखत नव्हतं. पायांना ती सांगत नव्हती, पाय तिला नेत होते. शेवटी रंगीत कमानीखालून ती आली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं, ते फोटोत आलं. तिच्या वयोगटात तिसरा नंबर. गळ्यात मेडल, हातात पोह्यांची प्लेट, आणि स्पीकरवरून तिचं नाव पुकारत होते: सौ. नेत्रा अजिंक्य नाखवा, स्टेजवर या. ती गेली. टाळ्या वाजल्या. कुणीतरी शाल घातली. खाली उतरून पिशवीतला फोन काढला तर त्यावर हॉस्पिटलातून कितीतरी फोन येऊन गेले होते.

परत लावल्यावर फोन उचलला तो वेदिकाने, तिच्याच वॉर्डातल्या नव्या सिस्टरने. "मॅडम, घाबरू नका," ती म्हणाली, म्हणजे जे वाक्य नेत्राने तिला शिकवलं होतं तेच. "सरांना आणलंय. एक मासेवाल्या मावशी घेऊन आल्या रिक्षातून. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं."

अँजिओप्लास्टी झाली. एक वाहिनी बंद झाली होती, ती उघडली. डॉक्टर तिला बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आले म्हणून निभावलं, अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. ती मान हलवत राहिली. तिच्या अंगावर अजून धावायचे कपडे होते, छातीवर नंबराचा बिब होता, गळ्यातलं मेडल तिने कधी काढून खिशात घातलं ते तिला आठवत नव्हतं. ज्या बाकावर ती रोज दुसऱ्यांना बसवायची त्या बाकावर ती बसली होती आणि जाणारे येणारे तिला ओळखत होते. एका वॉर्डबॉयने कौतुकाने विचारलं, "मॅडम, कितवा नंबर आला?" तिने सांगितलं.

संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊ दिलं. नळ्या, मॉनिटर, हे सगळं तिच्या हाताखालचं. पण त्यात त्याचं तोंड बघायची तिला सवय नव्हती. ओठ सुकलेले. तिने बोट पाण्यात बुडवून ओठांना लावलं.

"झाली पुरी?" त्याने विचारलं.

"झाली."

"मी हाक मारली होती," तो म्हणाला. मग ती काही बोलायच्या आत, "तुला ऐकू आली नसेल. वारा होता ना."

मॉनिटरवरची हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती. तिला वाटलं आपल्याच छातीला तारा लावल्या असत्या तर ती रेघ सगळं सांगून मोकळी झाली असती.

"हो," नेत्रा म्हणाली. "वारा होता."

चार दिवसांनी घरी आणलं. पुण्याहून आरोही आली, कॉलेज बुडवून, तिने आईला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबांचं नशीब, घरात तू आहेस." नातेवाईक आले, त्याच्या बोटींच्या इंजिनांच्या दुकानातली माणसं आली, बंदरावरचे खलाशी आले. प्रत्येकाला तीच गोष्ट ऐकायची होती आणि अजिंक्य ती सांगायचा, एकाच चालीत: चढ होता, दम लागला, ही पुढे होती, मी हाक मारली, पण वारा असा की काय ऐकू येणार, मग येसूबाई देवासारखी आली. लोक नेत्राकडे बघून हळहळायचे. बिचारीला ठाऊकच नाही, मागे काय झालं ते. तिने चहाचे कप गोळा करावेत, आत न्यावेत, धुवावेत, पुन्हा नवीन माणसांसाठी आणावेत. कप धुताना ती नळ मोठा सोडायची. सागर येऊन गेला. "फुल मॅरेथॉनचं आत्ता काही ठरवू नका मॅडम," तो म्हणाला, "पण तुमचं टायमिंग बघून खरं सांगतो, थक्क झालो." अजिंक्य उशीला टेकून म्हणाला, "जाईल ती. का नाही जाणार?" तिला वाटलं उठून निघून जावं, अंगणातून, रस्त्यावरून, कुठेही. पण निघून जाणं म्हणजे तेच पाय वापरणं.

आणि घरात काहीतरी बदललं होतं. ते तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण नवं काही आलेलं नव्हतं, होतं ते काहीतरी नाहीसं झालं होतं. त्याला पाणी हवं असलं की तो हळूच पलंगावरून उतरायचा, भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचा, तिथे उभा राहायचा, आणि तिचं लक्ष गेलं की म्हणायचा, पाणी दे जरा. गोळ्या सापडल्या नाहीत तर मागच्या पडवीपर्यंत यायचा. एकदा ती विहिरीवर होती तर तो पायऱ्या उतरून तिथवर आला. "अहो, हाक का नाही मारली?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी चाल म्हटलंय," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. पण त्या घरात हाक अशी उरलीच नव्हती. भांडी विसळता विसळता ती हात थांबवून कान द्यायची. चपलांचा आवाज यायचा.

येसूबाई आली ती एका दुपारी, केळीच्या पानात बांधलेल्या तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, घेऊन. भाट्याची बाई, सत्तरीची, पाठ ताठ. त्या सकाळी पावसच्या बाजूला मासळी घेऊन निघाली होती आणि रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस बघून तिने रिक्षा थांबवली होती. टोपली तिथेच जावेच्या हवाली करून ती त्याच्याबरोबर आली होती. तिला बसायला खुर्ची दिली तर ती खाली पाटावर बसली.

"भागोजी नाखव्याचा पोर तू, हे मला मागना कळला," ती अजिंक्यला म्हणाली. "तुझ्या बापाच्या होडीची मासळी विकलंय मी. आता बरा हाय ना?"

"बरा आहे आत्ये. तुझ्यामुळे."

"माज्यामुळं काय. देवानं केलान." मग तिने नेत्राकडे नीट पाहिलं. नजर कठोर नव्हती, नुसती ओळख पटवणारी होती. "ही तुझी बायको नाय? गुलाबी कपड्यातली. बाय, तुला हाक मारलान ना यानं. मी खालच्या वळणावर व्हते, शर्यतीपायी रिक्षा बंद करून उभी व्हती, मला आयकू आली."

नेत्राच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने खाली ठेवला. आता म्हणायला पाहिजे होतं. तोंड उघडलं होतं.

"वारा होता गो आत्ये," अजिंक्य म्हणाला.

"वारा?" येसूबाईने त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर समुद्राकाठी राहिलेली बाई, वारा होता की नव्हता हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग नेत्राकडे, आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "असल बाबा. वरच्या अंगाला असल." आणि तिसऱ्यांची आमटी कशी करायची, तिखट घालू नको, डॉक्टरला विचार, असलं बोलत राहिली. जाताना तिने नेत्राच्या हातावर हात ठेवला. तो हात खरखरीत आणि गार होता. नेत्राला तो झटकून टाकावासा वाटला, कारण त्यात दया होती.

ती गेल्यावर नेत्रा त्याच्या पलंगाशी येऊन उभी राहिली. बाहेर ऊन उतरत होतं, बंदराकडून येणाऱ्या बोटींचं फटफट ऐकू येत होतं.

"मी ऐकली होती," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तुझा पाय चुकला." तो छताकडे बघत होता. "अठरा-एकोणीस वर्षं तुझं चालणं बघतोय. कळतं."

"मग वारा होता असं का सांगता सगळ्यांना? मला का सांगितलंत?"

ती वाट बघत होती की तो रागावेल. रागावला असता तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. "तिथे बसलो होतो ना मी," तो म्हणाला, "हाताला मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा मनात एवढंच येत होतं, की वारा असता तर बरं झालं असतं. म्हणून मग वारा होता असंच म्हटलं. तुझ्यासाठी नव्हे गो. माझ्यासाठी."

ती जमिनीवर बसली, येसूबाईने सोडलेल्या पाटावर. रडू आलं नाही. दुसऱ्यांच्या नातेवाइकांसमोर इतकी वर्षं न रडल्यामुळे असेल, किंवा रडणं म्हणजे पुन्हा आपल्याकडेच लक्ष वेधून घेणं, म्हणून असेल. "मला वाटलं, एकदा ओ नाही दिली तर काय होतं," ती म्हणाली, आणि ते वाक्य बाहेर आल्यावर इतकं लहान आणि इतकं हलकट वाटलं की पुढचं काही, सड्यावरची आई, सासू, वॉर्ड, काहीच तिने सांगितलं नाही. तो म्हणाला, "हं." त्याने हात पुढे केला नाही आणि मागेही घेतला नाही. मग म्हणाला, "पाण्यात घाल त्या तिसऱ्या. वाळू राहील."

मुंबईला ती गेली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, घरी कोण बघणार. आणि लोक म्हणायचे, खरं आहे. तेवढंही खोटं तिला टोचायचं, पण लोकांपुढे खरं सांगून मोकळं होणं हासुद्धा एक आराम आहे आणि तो आपण घेऊ नये, असं तिला वाटायचं.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी त्याला लांब चालायची परवानगी दिली. मांडवीच्या किनाऱ्यावरून जेटीपर्यंत आणि परत. संध्याकाळी दोघं निघाली. तो सावकाश चालत होता, ती त्याच्या बाजूने. ओहोटी होती, ओली वाळू घट्ट होती, पोरं क्रिकेट खेळत होती. त्याने दुकानाबद्दल काही सांगितलं, तिने आरोहीच्या परीक्षेबद्दल. मग बोलणं संपलं. समुद्रावर सूर्य लाल झाला होता आणि हवेत तो सुखाचा गारवा होता, जो इथे फार थोडे दिवस असतो. तिचं मन कुठेतरी गेलं, तिला नंतर सांगता आलं नसतं कुठे. पायांना घट्ट वाळू मिळाली होती, एवढंच. जेटीची पहिली पायरी लागली तेव्हा ती भानावर आली आणि तिला जाणवलं की शेजारी कुणी नाही.

ती वळली. तो बराच मागे राहिला होता. किनाऱ्याच्या बांधावर एक हात टेकून उभा होता, दुसरा हात छातीवर नव्हता, नुसता खाली सोडलेला. समुद्राकडे बघत होता. किती वेळ तो तसा उभा होता हे तिला कळायला मार्ग नव्हता. पडला असता तरी तिला कळलं नसतं. आजूबाजूला माणसं होती, पोरांचा गलका होता, पण वारा पडलेला होता आणि मांडवीच्या त्या किनाऱ्यावर त्याचा आवाज जेटीपर्यंत सहज आला असता.

ती परत निघाली. धावली नाही, त्याच्यासमोर धावायची तिला लाज वाटली. भराभर चालत, वाळूत पाय रुतवत ती त्याच्यापाशी पोचली तेव्हा तिला दम लागला होता, त्याला नव्हता.

"काय होतंय?" तिने विचारलं, आणि तिची बोटं आपोआप त्याच्या मनगटावर नाडीशी गेली.

"काही नाही. दमलो जरा." त्याने हात तिच्या हातात राहू दिला. खरोखरच नवल वाटल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू का परत आलीस? मी हाक नव्हती मारली."

"ठाऊक आहे," नेत्रा म्हणाली.

नाडी ठीक होती. तरी ती बोटं न काढता तिथेच बांधावर बसली, आणि थोड्या वेळाने तोही बसला.